नमाजचं रजिस्टर

वाचकाचं पत्र, थोडक्यात

कोकणातल्या खाडीपट्ट्यातल्या एका अल्पसंख्याक संस्थेच्या अनुदानित शाळेत या ताई दोन वर्षांपासून मुख्याध्यापिका आहेत. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. मुलं सव्वाचारशे, त्यांतली अकरा हिंदू आणि बौद्ध. शिक्षकांपैकी चौघं मुस्लिम नाहीत. संस्थेचे अध्यक्ष अनेक वर्षं आखातात नोकरी करून परतले आहेत. "शाळा नावाला मुस्लिम आहे, माहौल कुठे आहे?" असं त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं. ताईंनी मनावर घेतलं. हॉलमध्ये रोज जुहरची (दुपारच्या नमाजची) जमात, म्हणजे एकत्र नमाज, सुरू केली, मुलींसाठी मागे पडदा लावला, प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरकडे नमाजचं रजिस्टर दिलं, हजेरीला शिस्तीचे पाच गुण ठेवले. पहिल्या महिन्यात हॉल भरला. आठ महिन्यांनी मुलं एकमेकांच्या हजेऱ्या लावताना सापडली. नववीतला एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, नमाज मी घरी पढतो, इथे हजेरी पढतो." त्याला दोन दिवस घरी बसवलं. आता अध्यक्ष म्हणतात, गैरहजर मुलांची यादी जुम्याला (शुक्रवारी) मशिदीत वाचून दाखवू. दीनियातचे (धर्मशिक्षणाचे) मौलाना 'दहा वर्षांच्या मुलाला मारा' ही हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, दाखवतात. गणिताचे सर हिंदू आहेत. त्यांचा तास रोज वीस मिनिटं उशिरा सुरू होतो, अशी तक्रार त्यांनी नम्रपणे केली आहे. पत्राच्या शेवटी, इतर अडचणींच्या ओळीत, ताईंनी लिहिलंय की नववी-दहावीच्या मुलींची गैरहजेरीही यंदा वाढली आहे. त्यांचा प्रश्न: "इतकं करूनही मुलांत दीन (धर्म) का उतरत नाही? मुख्याध्यापिका म्हणून मी कुठे कमी पडते? आणखी कडक होऊ, की सोडून देऊ?"

उत्तर

प्रिय भगिनी, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन एका ओळीखाली रेघ मारली, आणि ती ओळ तुमच्या प्रश्नातली नव्हती. शेवटी जाता जाता लिहिलेली मुलींच्या गैरहजेरीची होती. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

उद्या शाळेत गेलात की एक काम करा. नववी आणि दहावीचे हजेरीपट काढा, त्यांच्या शेजारी नमाजची रजिस्टरं ठेवा, केबिनचं दार लावून घ्या आणि मुलींची नावं एकेक करून बघा. मला शंका आहे की गैरहजेरी इकडे-तिकडे विखुरलेली नसेल. सलग तीन, चार, पाच दिवस, मग पुन्हा महिनाभर नियमित, मग पुन्हा सलग चार दिवस. असं दिसलं तर तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, हे आपल्या घरातली प्रत्येक बाई जाणते. नंतर ती भरूनही काढायची नसते. रोजे भरून काढायचे असतात, नमाज नाही. धर्मानं जे इतकं सोपं आणि खासगी ठेवलं, ते तुमच्या रजिस्टरानं चव्हाट्यावर आणलं. पडद्यामागे कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं हे मॉनिटर लिहिते. ते रजिस्टर वर्गशिक्षकांकडे जातं. शाळा गावातली, म्हणजे सातवीत चुलतभाऊ आणि आठवीत मामेभाऊ. पंधरा वर्षांच्या मुलीनं काय करावं? काहीजणी वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) न करता सफेत, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभ्या राहतात आणि रात्री घरी रडतात. काहीजणी घरीच थांबतात. महिन्याला चार दिवस धरले तरी वर्षाचे चाळीसेक दिवस होतात, आणि त्यात दहावीचं बीजगणित गेलं.

तुम्ही स्वतः बाई आहात, तरी हे तुमच्या लक्षात आलं नाही, म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. रजिस्टर या वस्तूचा स्वभावच असा आहे. एकदा रकाने आखले की माणूस रकान्यांकडे बघायला लागतो. यावर 'माफ' अशी खूण करायची युक्ती कुणी सुचवेल. कृपा करून ती करू नका. ती खूण म्हणजे तीच चव्हाट्यावरची गोष्ट, शाईनं लिहिलेली.

तेव्हा पहिला सल्ला सरळ आहे: रजिस्टर बंद करा. या आठवड्यात. गुणही काढून टाका. जमात बंद करू नका, ती चालू राहू द्या.

आता तुम्ही विचाराल, रजिस्टर काढलं तर हॉल रिकामा होईल त्याचं काय? होईल. पहिले काही दिवस सव्वाचारशेपैकी साठ मुलं येतील, कदाचित चाळीस. अध्यक्षसाहेब दारात उभे राहून मोजतील. ते चाळीस तुमचे खरे आहेत, भगिनी. आधीच्या गर्दीत किती खरे होते हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत होईल.

तुमच्या प्रश्नातच मला एक गृहीतक दिसतं. 'इतकं करूनही मुलांत दीन का उतरत नाही' असं तुम्ही लिहिता, जणू सकाळी साडेदहाला मुलं कोरी येतात आणि संध्याकाळपर्यंत आपण त्यांच्यात काहीतरी ओतायचं असतं. तुमच्या भागातली बहुतेक मुलं शाळेत येण्याआधी मकतबमधून (कुरआन शिकवणाऱ्या वर्गातून) जाऊन आलेली असतात. नाजरा, म्हणजे कुरआन बघून, वाचतात, आजीबरोबर दुवा म्हणतात, रमजानमध्ये तिसरी-चौथीतली पोरंसुद्धा हट्टानं रोजा धरतात. त्या नववीतल्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचा. तो नमाज पढतो. घरी. त्यानं तुम्हाला तुमच्या आठ महिन्यांच्या उपक्रमाचा अहवाल एका वाक्यात दिला आणि आपण त्याला दोन दिवस घरी बसवलं. 'आपण' म्हणते, कारण मीही असलीच माती खाल्ली आहे.

मी नवी मुख्याध्यापिका होते तेव्हा माझ्या शाळेत दीनियातच्या तासाला टोपी नसेल तर एक रुपया दंड, असा नियम मी केला. दोन महिने एक रुपयाही जमला नाही. मला वाटलं, काय सुधारणा! एक दिवस मागच्या व्हरांड्यातून जाताना दिसलं की सातवीच्या खिडकीतून आठवीच्या खिडकीत टोप्यांची एक थप्पी सरकते आहे. चाळीस मुलांत पंधरा टोप्या होत्या आणि त्या तासागणिक वर्ग बदलत होत्या. मुलं संघटितपणे, एकमेकांना सांभाळून, अतिशय चोख काम करत होती. त्यांच्यातला बंधुभाव वाखाणण्याजोगा होता, फक्त तो मला फसवण्यासाठी कामी येत होता.

इतिहासकार इब्न खल्दूननं १३७७ साली पुऱ्या केलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात एक प्रकरण केवळ यावर आहे की विद्यार्थ्यांशी कठोर वागल्यानं त्यांचं नुकसान होतं. तो म्हणतो त्याचा आशय असा: ज्या मुलाला धाकात वाढवलं जातं ते खोटं बोलायला शिकतं, मनात एक आणि बाहेर एक असं वागायला शिकतं, आणि पुढे तीच त्याची सवय होते. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या या माणसानं साडेसहाशे वर्षांपूर्वी माझ्या टोप्यांची थप्पी बघितली होती, असं मला तेव्हा वाटलं.

मौलानासाहेबांच्या हदीसबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, बसून बोला. ती हदीस आईबापांना उद्देशून आहे. सातव्या वर्षी नमाजला सांगा, दहाव्या वर्षी सक्ती करा. मधली तीन वर्षं बघा. रोज पाच वेळा, तीन वर्षं, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा प्रेमानं बोलावणं झालं. तुमच्या शाळेनं ती पाच हजार बोलावणी केली आहेत का? पाचवीत आलेलं मूल दहा-अकरा वर्षांचं असतं, तुम्ही त्याला काल भेटलात. आणि ज्यांना हदीसच हवी आहे त्यांच्यासमोर हजरत अनस यांची ठेवा. लहानपणापासून दहा वर्षं पैगंबरसाहेबांच्या सेवेत राहिले आणि म्हणाले की त्या दहा वर्षांत मला त्यांनी कधी 'उफ्' म्हटलं नाही. शाळेत छडी चालत नाही हे कायद्यानंही ठरलेलं आहे, पण मौलानांशी बोलताना कायद्याआधी अनस यांचं नाव घ्या.

अध्यक्षांच्या यादीसाठी पैगंबरसाहेबांचे सोबती हजरत मुआज यांचा किस्सा आहे. ते आपल्या वस्तीत इशाची (रात्रीची) नमाज पढवायचे आणि लांबच लांब सूरा (कुरआनातली प्रकरणं) घ्यायचे. दिवसभर उंटांनी पाणी ओढून दमलेला एक माणूस मध्येच जमात सोडून बाजूला झाला आणि एकटा नमाज पढून गेला. मुआज त्याला ढोंगी म्हणाले. तो माणूस गप्प बसला नाही, थेट पैगंबरसाहेबांकडे तक्रार घेऊन गेला. ओरडा कोणाला बसला? मुआज यांना. लोकांना संकटात टाकतोस का, असं तीनदा विचारलं, आणि छोट्या सूरा पढ म्हणून सांगितलं. जमात सोडून गेलेल्याचं नाव मशिदीत वाचलं गेलं नाही. तुमच्या नववीतल्या मुलाला मी त्या उंटवाल्याच्या जागी बघते. त्याला बोलावा, त्याच्या वडिलांसमोर सांगा की त्या दोन दिवसांची नोंद काढून टाकली आहे. मोठं भाषण नको.

यादी मशिदीत वाचायचीच म्हटली तर राज्यघटनाही आड येते, आणि हे तुम्हाला मुख्याध्यापक म्हणून माहीत असलंच पाहिजे. कलम ३० नं आपल्याला संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, हे प्रत्येक संस्थाचालकाला पाठ असतं. दोन कलमं आधीचं २८ (३) मात्र कुणी वाचत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. तिथे स्वतःची, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची, संमती लागते. यात हिंदू, मुसलमान असा भेद नाही. ते कलम तुमच्या अकरा मुलांसाठी आहे तितकंच उरलेल्या चारशेंसाठीही आहे. तेव्हा प्रवेशाच्या वेळी एक साधा कागद ठेवा, मराठीत आणि उर्दूत: दीनियातच्या तासाला आणि जमातीला पाल्यानं बसावं, अशी आमची इच्छा आहे / नाही. बहुतेक पालक 'आहे'वर खूण करतील. जे 'नाही'वर करतील त्यांना कारण विचारायचं नाही.

मौलानांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारते. खाडीपट्टा म्हणजे आपण कोकणी मुसलमान, बहुतेक शाफई. मौलाना कुठले? उत्तरेकडचे असतील तर हनफी असण्याची शक्यता जास्त. या दोन पंथांच्या नमाजच्या पद्धतीत थोडा फरक आहे. मग हॉलमध्ये एखादं पोर आपल्या आजोबांसारखं रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतं, आणि तासाला त्याला टोकलं जातं. ते घरी जाऊन विचारतं, "आजोबांची नमाज चुकीची आहे का?" हे झालं असेल तर ते आजच्या आज थांबवा. दोन्ही पद्धती शतकानुशतकं चालत आलेल्या आहेत आणि शाळेच्या हॉलमध्ये त्या शेजारी-शेजारी चालल्या पाहिजेत. मुलांना हे शिकवलं तर बारा वर्षांच्या वयात त्यांना कळेल की एकाच सफेत उभं राहून वेगळं असता येतं. माझ्या मते दीनियातच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा हा धडा मोठा आहे. मौलानांना मात्र एकट्याला बोलावून सांगा, मुलांसमोर नाही.

आता गणिताचे सर. ते नम्रपणे बोलले हे त्यांचं चांगुलपण, पण त्यांच्या तक्रारीतही दीनच आहे हे ध्यानात घ्या. वीस मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला दोन तास. वर्गाचा वेळ ही अमानत (विश्वासानं सोपवलेली ठेव) आहे, आणि मापात मारणाऱ्यांवर कुरआनात एक अख्खी सूरा आहे, ८३ वी. जुहरची वेळ आपल्याकडे साधारण पाऊण वाजल्यापासून चारच्या आसपासपर्यंत असते. घाई कशाची? मधली सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढवा, परिपाठाआधी शाळा पंधरा मिनिटं लवकर भरवा. चार रकात फर्जला (नमाजच्या सक्तीच्या भागाला) दहा मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो एका नळावर दोनशे पोरं वुजू करतात त्यात. घंटा झाली की सरांचा तास सुरू, मग सफ मोडलेली असो वा नसो. आणि त्या चार शिक्षकांना विचारा की जमातीच्या वेळी त्यांना काय करायला आवडेल. 'तुम्ही बसा स्टाफरूममध्ये' हे सौजन्य नाही, ते पाहुण्याला सांगतात. माझ्या शाळेत आमच्या मराठीच्या बाईंनी त्या वेळी वाचनालय उघडं ठेवायचं ठरवलं. नमाजला न जाणारी मुलं तिथे बसत, कुठल्याही धर्माची, कुठल्याही कारणानं. पाळी आलेल्या मुलीही तिथेच बसत. कुणी कुणाला विचारत नसे. तुमची मुलींची अडचण अर्धी तिथेच सुटेल. उरलेली अर्धी स्वच्छतागृहाच्या कडीत, पाण्यात आणि झाकणाच्या डब्यात आहे.

आता तुमच्याबद्दल. 'मी कुठे कमी पडते' असं तुम्ही विचारलंत. माझा अनुभव असा की शाळेतल्या मुलांना दीन हॉलमध्ये कमी आणि ऑफिसच्या दारात जास्त दिसतो. कुरआनातली ८० वी सूरा, अबस, आठवा. पैगंबरसाहेब मक्केच्या बड्या सरदारांशी बोलत होते, आणि अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम नावाचा अंध माणूस शिकायला म्हणून आला. बोलण्यात खंड पडला, कपाळावर आठी उमटली. त्या आठीबद्दल वही (अल्लाहचा संदेश) उतरली. अंध माणसाला ती आठी दिसलीही नव्हती, तरी. पुढे हेच इब्न उम्मे मक्तूम मदीनेत अजान देत, आणि पैगंबरसाहेब बाहेरगावी असताना काही वेळा शहराची जबाबदारी त्यांच्यावर असे.

मी ही सूरा माझ्या केबिनमधल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, दाराकडे तोंड करून बसल्यावर दिसेल अशी. कारण दृश्य रोजचंच असतं: आत संस्थेचे पदाधिकारी चहा घेत असतात आणि दारात बोंबील सुकवण्याचं काम टाकून आलेली एखादी आई ओल्या ओढणीनं दाखल्यासाठी उभी असते. शिपाई तिला 'नंतर या' म्हणतो. व्हरांड्यातून जाणारी मुलं ते बघतात. त्या दिवशी हॉलमध्ये सूरा कोणतीही पढली गेली तरी मुलांनी जे पाठ केलं ते दारातलं.

असंच परीक्षेचं. दहावीच्या पेपरला केंद्रावर 'मदत' करणाऱ्या शाळा सगळ्या धर्मांच्या असतात, आणि त्यांतल्या काही सकाळी दुवा करून पेपरला बसवतात. असंच पगाराचं. विनाअनुदानित वर्गांवर सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा, हे कित्येक संस्थांमध्ये चालतं, आणि मुलांना ते माहीत असतं, कारण त्यांची मावशी तिथेच शिकवते. तुमच्या संस्थेत असं काही नसेल, अशी मी आशा करते. असेल तर मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्या, ही हदीस अध्यक्षांनाही पाठ असेल.

१०७ वी सूरा, माऊन, सात आयतींची आहे, मुलांना तोंडपाठ असते. तिचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाय का, बघा. अनाथाला ढकलणारा, भुकेल्याला जेवू घालण्याचं नाव न काढणारा, आणि मग ते नमाजी, जे आपल्या नमाजकडे दुर्लक्ष करतात, दिखावा करतात आणि 'माऊन' द्यायला नकार देतात. माऊन म्हणजे शेजाऱ्यानं मागितलेली घरातली साधी वस्तू, मीठ, भांडं, कुदळ. ही सूरा मी आठवीच्या वर्गात शिकवायचे तेव्हा विचारायचे, आपल्या वर्गातलं माऊन काय? पट्टी, कंपास, वही, डब्यातली भाकरी, शेवटच्या बाकावरची जागा, अशी उत्तरं यायची. एका मुलानं सांगितलं, "गैरहजर असलेल्याला काल काय शिकवलं ते सांगणं." मग त्या वर्गात आम्ही खरंच तशी वही ठेवली, गैरहजर मुलासाठी. नमाजचं रजिस्टर बंद करून मोकळ्या झालेल्या मॉनिटरांना हे काम देऊन बघा.

परिपाठाचं फार लांबवत नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका जशी आहे तशी राहू द्या. बोधकथेच्या जागी अधूनमधून हजरत लुकमान यांनी मुलाला केलेला उपदेश घ्या, ३१ वी सूरा. लोकांकडे तोंड फिरवू नकोस, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, आवाज खाली ठेव, कारण सगळ्यांत कर्कश आवाज गाढवाचा. पाचवीच्या मुलांना हे गाढव फार आवडतं. शिक्षकांना तितकं आवडत नाही, कारण वर्गात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असतो हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. यात हिंदू, बौद्ध मुलांना परकं वाटण्यासारखं काही नाही. मग एखाद्या सोमवारी त्यांच्यातल्या एखाद्याला त्याच्या घरातली गोष्ट सांगू द्या.

गणवेश, ओढणी, टोपी यांवर तुम्ही विचारलं नाही, मीही बोलत नाही. टोप्यांचं माझं सांगून झालं आहे.

रमजानचं मात्र आतापासून बघा. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो आणि बोर्डाच्या परीक्षेला भिडतो. मुलं रोजा धरूनच पेपरला जातील. रात्रीच्या तरावीहनंतर (रमजानमधल्या जादा नमाजनंतर) त्यांची झोप किती होते हे विचारा, सराव परीक्षा सकाळच्या ठेवा, खेळाचा तास हलवा, आणि ज्यानं रोजा धरला नाही त्यानं पाणी कुठे प्यायचं हे ठरवून ठेवा. लपून नळाखाली प्यायला लागू नये. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी रमजान अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षांनी हा प्रश्न आपोआप थंडीतल्या स्नेहसंमेलनाकडे जाईल.

राहिले अध्यक्ष. तुमच्या पत्रात ते थोडे खलनायकासारखे आलेत, मला तसे वाटत नाहीत. माणूस तरुणपणी गाव सोडून गेला, वाळवंटात एकेक दिनार साठवला, आणि तिकडे बसून त्यानं गावातल्या शाळेचं एक चित्र मनात रंगवलं. परत आल्यावर चित्र जुळेना. त्यांचं दुःख खरं आहे. सभेत सगळ्यांसमोर त्यांना नाही म्हणू नका. घरी जा, भाभींच्या हातचा चहा घ्या आणि त्यांना आखातातलं विचारा. कंपनीत नमाजची सोय कशी होती? ते सांगतील, वेगळी खोली होती, स्वच्छ चटई, वुजूला रांगेनं नळ, वेळ झाली की लोक उठून जायचे. मग विचारा, हजेरी कोण घ्यायचं?

त्यांना थोडा वेळ द्या. उत्तर त्यांनाच सापडू द्या. मग मुलींचं सांगा, नेमक्या शब्दांत, लाजू नका. त्यांनाही लेकी-नाती असतील. आणि त्यानंतर त्यांच्याकडे काम घेऊन जा, कारण त्यांना करायला काहीतरी हवं आहे आणि यादीपेक्षा चांगलं काम तुमच्याकडे आहे. वुजूची जागा बांधायची आहे. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी आणि आडोशाची, प्रत्येकी दहा-बारा नळ, पाण्याची टाकी, सांडपाणी बागेकडे. पैसे तेच देतील, आणि उद्घाटनाला पाटीही लावू द्या, अगदी संगमरवरी. अजान कोण देणार, चटया कोण घालणार, याचा फेरा नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः ठरवावा. त्यात तो 'हजेरी पढणारा' मुलगा आपणहून आला तर येऊ द्या, बोलावू नका.

गवंडी आला की फक्त एक लक्ष ठेवा. आमच्याकडे त्यानं सगळे नळ मोठ्या माणसाच्या मापानं बसवले होते आणि पाचवीची पोरं दोन वर्षं कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या घेऊन वर्गात येत होती. निम्मे नळ खाली घ्यायला सांगा. उंची ठरवायला वर्गातलं सगळ्यांत बुटकं मूल घेऊन जा आणि त्याला गवंड्यासमोर उभं करा.